तिसरा क्रमांक

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावरल्या खानावळीत
दर नोव्हेंबरात टॉर्क्विल रेंडलची प्रश्नमंजूषा भरते.
एकोणीस थरारकथा, पन्नास प्रश्न,
पहिलं बक्षीस धुरावलेल्या हेरिंगची पेटी.
यंदा मीही नाव घातलं: इसोबेल फ्लेट, वय ब्याऐंशी.
त्या एकोणिसांतल्या सतरा माझ्या बोटांखालून गेल्यात,
हे मात्र कुणाला बोलले नाही.

पहिलाच प्रश्न दोराचा.
कड्यावर दोर कापला जातो तेव्हा किती पेड उरतात?
एक. सगळ्यांना आलं.
तो एक पेड सहा-सहा पानं तग धरायचा.
मी एकदा म्हटलं, मिस्टर रेंडल, इतका वेळ नाही हो टिकायचा.
म्हणाले, तुम्ही कधी लोंबकळलाय?
मी मुकाट टाइप केलं.

खलनायक गोळी झाडण्याआधी काय विचारतो?
"साखर किती घ्याल?"
हेही सगळ्यांना आलं.
पण हे वाक्य आमच्या बँकेच्या मॅनेजरचं,
कर्ज नाकारायच्या सकाळचं.
त्या वर्षी कोळसा उधारीवर होता
आणि खलनायक फार सभ्य झाले होते.

नायक कुठकुठल्या समुद्रांत पोहला?
शेजारचा जर्मन पाहुणा भराभर लिहीत सुटला,
कागद पुरेना त्याला.
मी लिहिलं: कुठल्याच नाही.
उडी असते. मग एक कोरी ओळ.
मग घोंगडी, आणि कुणीतरी गरम काहीतरी पाजतंय.
बघा हवं तर उघडून.
रेंडलना पोहता येत नव्हतं. समोरच्या हॉय बेटावर जायचं तरी
आदल्या रात्रीपासून जेवण बंद.
पॅटागोनिया, कामचाटका सगळं
आगबोटींच्या वेळापत्रकांतून काढलेलं,
आणि ओला दोर कसा वासतो, ते कोळ्यांना विचारून.
या उत्तराचा अर्धा गुण मिळाला.

एकतिसावा प्रश्न मात्र माझा होता.
बहुतेक कथांत एकेचाळीस हा आकडा का येतो?
खोली एकेचाळीस, लॉकर एकेचाळीस,
बाँबला उरलेले सेकंद एकेचाळीस.

तिसऱ्या कादंबरीच्या हस्तलिखितात सत्तेचाळीस होतं.
माझ्या यंत्राचा सात मोडलेला.
एकाला तर मुळात कळच नव्हती, छोटा एल मारायचा.
रात्री साडेअकरा वाजता मी चार मारला आणि एल मारला,
आणि पान उलटलं.
त्यांनी मुद्रितं तपासली. तिथे पेन्सिल थांबलेली दिसत होती,
एक बारीक ठिपका.
बोलले काहीच नाहीत.
पुढच्या हस्तलिखितात त्यांच्याच अक्षरात एकेचाळीस.
त्याच्या पुढच्यातही.
यंत्र दुरुस्त करायला पैसे दिले होते त्यांनी.
त्याचा मी कोट घेतला, राखाडी, दोन खिशांचा.
पानांवरचे सात पेनाने घालायची,
आणि गोष्टीत सात आला की अक्षरांत लिहायची.
हे कुणी विचारत नाही.

एवढं सगळं त्या तीन इंचांच्या रेघेवर कसं मावणार?
मी लिहिलं: यंत्र बिघडलं होतं.

ग्रंथालयाचा पोरगा एरलंड हारकस उत्तरं वाचू लागला.
बरोबर उत्तर: पहिलं पुस्तक आलं तेव्हा लेखकाचं वय एकेचाळीस.
लोकांनी माना डोलावल्या.
पहिल्या दोन पुस्तकांत तो आकडा नाहीच,
ओठांवर आलं होतं.
पण पोराने इतक्या हौसेने कार्डं कापली होती,
कडा कात्रीने नागमोडी केलेल्या.

तिसरा क्रमांक. एक मग मिळाला,
त्यावर रेंडलचा चेहरा,
आणि कान नेमका दांड्याखाली.
जर्मन म्हणाला, बाई, तुम्ही जरा नीट वाचायला हवं होतं त्यांना.
म्हटलं, खरंय, चष्म्याचा नंबर वाढलाय.

बाहेर वारा होता. कोटाच्या खिशात मग मावेना.
कान धरूनच घरी आणला त्यांना.